हिरव्या बादलीतली सुई

असोज ६

लसींच्या जुन्या रजिस्टरात मागची पन्नास-साठ पानं कोरी आहेत. सरकारी कागद वाया जाऊ नये म्हणून त्यात लिहायला घेतलंय. खरं कारण वेगळं आहे. आज मनातलं बोलायला माणूस मिळाला नाही, आणि पोटात ठेवलं तर आंबेल.

धरानच्या ट्रेनिंगला एलिना जाणार. दवाखान्यातला कचरा कसा हाताळायचा, याचं पाच दिवसांचं ट्रेनिंग. चौकीप्रमुख टीकाराम सरांनी सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं, जणू काही उद्या पाऊस येणार म्हणतायत. या आरोग्य चौकीचा कचरा पंधरा वर्षं मी बघते. हात सफाईवाल्या सुकमाया दिदीचे, पण सांगणं माझं. खड्डा कुठे खणायचा, रॉकेल किती ओतायचं, वारा शाळेकडे वाहत असेल तर काडी लावायची नाही, हे सगळं मी ठरवलेलं. आणि एलिना श्रेष्ठ, वय वर्षं पंचवीस, चौकीत येऊन चार महिने, ती शिकून येणार आणि मला शिकवणार.

"बिष्णु सिस्टर, या वयात पाच दिवस कुठे दगदग करता?" सर म्हणाले. मी सेहेचाळीस. सर स्वतः त्रेपन्न, आणि काठमांडूची सभा म्हटली की आदल्या दिवशीच कोट घालून बसतात.

दिदीला सांगितलं तर म्हणाली, "जाऊ दे गं पोरीला. तुला बसमध्ये उलट्या होतात."

होतात. पण मुद्दा तो नव्हता.

असोज १४

एलिनाबाई ट्रेनिंगहून आल्या. मागे दोन भरिया, पाठीवर डोक्याच्या वर जाईल एवढं सामान. लाल, हिरवी, निळी अशा बादल्या. सुई कापायचं हातयंत्र. आणि एक भलामोठा कुकर, त्यात कचरा वाफवायचा. लालमध्ये सुया आणि रक्ताचं काही असेल ते. निळीत बाटल्या, प्लॅस्टिक. हिरवीत कागद आणि खाल्ल्याची सालं, ती सुकमाया दिदी निवडणार, कागद भंगारवाल्याला, सालं खताच्या खड्ड्यात. आता जाळायचं नाही.

मी म्हटलं, "वाफवून झालं की फोडणी कोण देणार?"

सर हसले आणि एलिनाकडे बघून हसायचे थांबले. एलिना मात्र हसली. हसली म्हणून मला जास्त राग आला.

मग पोतडीतून दिदीसाठी गमबूट काढले, बरोबर मापाचे. जाण्याआधी तिने दिदीचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून नेलं होतं म्हणे. दिदी बूट घालून अंगणात तीन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "बघ बिष्णु, मी पलटणीत भरती झाले."

पंधरा वर्षांत मला तिच्या पायाचं माप माहीत नाही. का असावं? मी काय चपलांचं दुकान घातलंय? खड्ड्याशी उभी असताना वितळलेलं प्लॅस्टिक तिच्या पावलावर उडालं, तेव्हा मलम मीच लावलं होतं. दोनदा.

असोज १५

आज नवं खूळ. "दिदींना कावीळ ब ची लस कधी दिली होती?" एलिनाने सगळ्यांसमोर विचारलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. लसीची यादी मी केली होती. यादीच्या वर 'आरोग्य कर्मचारी' असं छापलेलं होतं. दिदी झाडते, पाणी भरते, कचरा बघते. तिचं नाव मी त्यात कुठल्या खात्याने घालणार होते?

एलिनाने जिल्ह्याहून लस मागवून ठेवलेलीच होती. पहिली आज टोचली, दुसरी महिन्याने, तिसरी नंतर. दिदी दंड चोळत दिवसभर सगळ्यांना सांगत होती, "मलाही टोचलं, मलाही टोचलं."

माणसाला खूश कसं करावं ते या पोरीकडून शिकावं. नव्याचे नऊ दिवस आहेत, सरतील.

कार्तिक १३

दसैं-तिहारचे सण झाले, नऊ दिवसांचे तीस झाले, नवं काही जुनं होत नाही.

पूर्वी दुपारी रुग्ण ओसरले की मी आणि दिदी मागच्या पायरीवर बसायचो. ती मक्याच्या लाह्या आणायची, मी चहा करायचे. ती तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगायची, मी माझ्या नवऱ्याचं, तो कतारहून फोन करून फक्त म्हशीची चौकशी करतो ते. आता दुपारी दिदी एलिनाबरोबर कुकरपाशी असते. वाफ नीट लागली की कागदी पट्टी काळी पडते, ती पट्टी दिदी उजेडात धरून बघते आणि वहीत बरोबरची खूण करते. अक्षरओळख नाही, पण खूण करते. काल मला दाखवायला आली.

"बघ, आज पण काळी झाली."

मी म्हटलं, "वा. आता तुला डॉक्टरच करतील."

ती वळली. वही घेऊन गेली.

एलिनाला दिदी 'नानी' म्हणते. नानी, जेवलीस का. नानी, थंडी आहे, शाल घे. पोटच्या पोरीला म्हणावं तसं. मला बिष्णु म्हणते. पंधरा वर्षं बिष्णु चांगलंच वाटत होतं.

कार्तिक १९

आज एलिनाने मला टोकलं. लाजत, हळू आवाजात, पण टोकलंच.

"सिस्टर, टोचून झाल्यावर सुईला परत टोपी घालू नका ना. सरळ यंत्रात कापा. टोपी घालतानाच जास्त बोटं टोचतात, कधीकधी सुई टोपीच्या बाजूने फोडून बाहेर येते."

मी म्हटलं, "बाळ, मी टोपी घालायला शिकले तेव्हा तू दुपट्यात होतीस. आम्हाला टोपी न घातल्याबद्दल छडी बसायची."

"हो, तेव्हा तसंच शिकवायचे," ती म्हणाली. इतक्या समजूतदारपणे म्हणाली की तिला एक द्यावीशी वाटली.

दारात दिदी उभी होती. हसली. म्हणाली, "आमची बिष्णु अशीच. सुईलासुद्धा थंडी वाजेल म्हणून टोपी घालते." दोघी हसल्या.

मी टोपी घालायचं सोडणार नाही. माझ्या हाताला कधी टोचलेलं नाही.

मंसिर ५

गाउँपालिकेची माणसं आठ तारखेला तपासणीला येणार. बादल्या बघणार, चांगलं दिसलं तर इतर चौक्यांना आमच्याकडे शिकायला पाठवणार. शिकायला म्हणजे एलिनाकडे. सर भिंतीला चुना लावून घेतायत. दिदीने बादल्या राखेने घासल्या. एवढी निष्ठा मी तिच्यात पाहिलेली नव्हती, आणि एवढी वर्षं ती माझ्या हाताखाली होती.

संत्र्यांचे दिवस आहेत. दिदीने घरची टोपलीभर आणली. पहिलं एलिनाला सोलून दिलं, एकेक दोरा काढून. मला म्हणाली, "बिष्णु, घे ना तू पण." घे ना तू पण. मी म्हटलं, घसा खवखवतोय.

मंसिर ८

सकाळचं आधी लिहिते.

नऊच्या सुमाराला म्हातारे लालध्वज बाजे आले. नाचणी कापताना विळा लागून पोटरी चिरलेली. मी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, सुईला टोपी घातली. यंत्र टेबलावरच होतं. मी सिरिंज यंत्रात घातली नाही. एप्रनच्या खिशात टाकली.

तेव्हा मनात काय होतं ते इथे तरी खरं लिहावं. तपासणीवाले प्रत्येक बादली पालथी करून बघतात, असं सर म्हणाले होते. हिरव्या बादलीत, संत्र्यांच्या सालांत, एक सुई निघाली तर? फार काही नाही, चार माणसांत जरा फजिती. ट्रेनिंग घेऊन आलेल्या बाईंना चार माणसांत कळावं की कचरा पाच दिवसांत शिकता येत नाही. टोपी घातलेली होती. कुणाला लागायचा प्रश्नच नव्हता. हे मी स्वतःला तीन-चारदा सांगितलं. प्रश्नच नव्हता तर इतक्यांदा सांगावं लागलं नसतं, हे आत्ता लिहिताना सुचतंय.

साडेअकराला खोलीत कुणी नव्हतं. सालांखाली सारली आणि बाहेर येऊन कोवळ्या उन्हात उभी राहिले.

मंसिर ८, संध्याकाळ

तपासणीवाले यायच्या आधी दिदी हिरव्या बादलीपाशी बसली. तिला वाटलं सालं कुजकी दिसतायत, नानीची बादली स्वच्छ दिसावी. जाड हातमोजे धुऊन वाळत घातले होते. ओले घालण्यापेक्षा सालं काय, हातानेच, असं तिला वाटलं.

मी ओटीवरून तिचा आवाज ऐकला. ओरडली नाही, फक्त "ऐया" म्हणाली.

गेले तर उजव्या तर्जनीतून रक्त. मी बोट धरून पिळायला गेले, आम्ही तसंच करायचो. एलिना धावत आली. "पिळू नका, पिळू नका सिस्टर, साबण, पाणी." तिने नळाखाली दिदीचा हात पंधरा मिनिटं धरून ठेवला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सुई कुठेय दिदी?"

"लालमध्ये टाकली. कापून."

"कुणाची होती? कशी आली इथे?"

"माझ्याच हातून सांडली असेल, नानी. लाल ओतताना. म्हातारी झाले."

तेवढ्यात पालिकेची माणसं आली. एलिनाने काहीही लपवलं नाही. "आज अपघात झाला, बादल्यांची जबाबदारी माझी आहे," असं उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी शेऱ्यात 'हलगर्जी' लिहिलं. म्हणजे माझ्या मनासारखं झालं. मग ताट तसंच का झाकून ठेवलं?

मंसिर ९

एलिना आणि दिदी पहाटेच्या जीपने जिल्ह्याच्या इस्पितळात जाऊन आल्या. सुई कुणाची ते माहीत नाही, म्हणून एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या सुरू केल्या. रोज एक, अठ्ठावीस दिवस. कडक असतात, पोटात ढवळतं. सुई कुणाची ते कळलं असतं तर त्या माणसाचं रक्त तपासलं असतं आणि कदाचित एकही घ्यावी लागली नसती. हे एलिनाने सगळ्यांना सांगितलं आणि रजिस्टर काढून आठ तारखेला इंजेक्शन दिलेली नावं मोजली. सोळा. "आणि सुई आदल्या दिवशीचीही असू शकते. कुणाकुणाचं रक्त मागू?"

मी रजिस्टरात बघत होते. चौथं नाव लालध्वज बाजे.

काविळीचं काय, असं सरांनी विचारलं. "दोन लसी झाल्यात म्हणून त्यातल्या त्यात बरं," एलिना म्हणाली. सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मी खाली बघितलं.

बोलणार होते. पण एलिना रडायला लागली, "माझीच चूक, हातमोज्यांचे दोन जोड आणायला हवे होते." आणि दिदीने, जिला टोचलं त्या दिदीने, तिचं डोकं कुशीत घेतलं. इतका वेळ थोपटलं की मला तिथे उभं राहवेना. खरं लिहायचं ठरलंय तर लिहिते, त्या घडीलाही मला हेवा वाटला. माझं डोकं तिने कधी असं घेतलं नाही. मी कधी तिच्यासमोर रडलेही नाही म्हणा.

मंसिर १२

दिदी ओकते. कामाला येते, दहाला ओकते, तोंड धुऊन बादल्यांपाशी जाते. मोजे घालून.

लालध्वज बाजे पट्टी बदलायला आले. चांगले ठणठणीत आहेत. अशा माणसाला काय असणार? सारा जन्म याच डोंगराच्या डांड्यावर गेला. मग सांगून उपयोग काय? दिदीला काही होणार नाही, फक्त गोळ्या. गोळ्यांनी कुणी मरत नाही.

मंसिर १५

दिदीची नाचणी उभीच आहे. दरवर्षी आमचं पर्म असतं, ती माझ्या शेतावर एक दिवस, मी तिच्या. यंदा माझ्याकडे ती येऊन गेली होती, सुई टोचायच्या आधी. ते फेडायचं होतंच. पण मी एक नव्हे, दोन दिवस रजा टाकून गेले, आणि बरोबर जाऊबाईला नेलं. विळा चालवत राहिले. कंबर धरली तरी थांबले नाही.

दिदी बांधावर बसून होती, शाल पांघरून. दुपारी तिने चूल पेटवली, चहा टाकला, माझ्यासाठी अंगणात गवताची गुंद्री अंथरली.

"बस जरा," म्हणाली.

"अंधार पडायच्या आत तो वाफा संपवते," मी म्हटलं.

"बस म्हणते ना."

मी चहा उभ्याने घेतला आणि परत वाफ्यात गेले. तिला आराम मिळावा म्हणून. तिने बराच वेळ गुंद्री तशीच ठेवली होती.

मंसिर १७

एलिना रोज सकाळी चढण चढून दिदीच्या घरी जाते, गोळी खाल्ली का बघायला. स्वतःच्या पैशाने लिंबं आणि बिस्किटं नेते. तिच्या गालाची हाडं वर आलीयत. मी कालपर्यंत म्हणत होते, नाटक करते. इतके दिवस कुणी नाटक करत नाही.

मंसिर १९

आज सांगितलं.

ठरवून गेले नव्हते. दुपारी दिदी नळापाशी ओकताना खाली बसली, आणि मी धरायला गेले तर तिने हात झटकला नाही, पण धरलाही नाही. मग ती घरी गेली. मी मागोमाग. ती अंगणात सूप घेऊन नाचणी पाखडत होती. शेजारी गोळ्यांची बाटली.

"दिदी, ती सुई मी टाकली होती. मुद्दाम. एलिनाची फजिती व्हावी म्हणून."

सूप थांबलं नाही. "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"बोटातून उपसली तेव्हापासून. टोपी होती तिला. बाजूने फुटून आलेली. या डांड्यावर सुईला टोपी कोण घालतं? नानीने बघायच्या आत लालमध्ये टाकली."

मला बसायला पाहिजे होतं, पण ती बस म्हणाली नाही.

"मग बोलली का नाहीस? मी नाव सांगितलं असतं, रक्त तपासलं असतं, गोळ्या..."

"तू सांगशील म्हणून." तिने फोल फुंकून टाकलं. "पहिल्या संध्याकाळी वाटलं, घरी येईल. आली नाहीस. मग वाटलं, उद्या. गोळी जिभेवर ठेवताना रोज म्हणायचे, आज येईल. नाचणी कापायला आलीस त्या दिवशी तर मी गुंद्री अंथरली, म्हटलं आता बसेल आणि बोलेल. तू माझी नाचणी कापून गेलीस."

मी रडत होते. तिने माझं डोकं घेतलं नाही.

"आज अकरावी होती," ती म्हणाली. "कुणाची सुई?"

"लालध्वज बाजे."

"मग ऊन आहे तोवर नानीकडे जा. मला काय सांगतेस, मला माहीतच होतं."

मंसिर २०

एलिनाला काल तिच्या खोलीच्या दारातच सांगितलं. मला वाटलं ओरडेल, निदान सरांना हाक मारेल. ती म्हणाली, "सिस्टर, अकरा दिवस," आणि चप्पल घालून बाजेंच्या घराकडे निघाली. मीही गेले. बाजेंनी हात पुढे केला, "घ्या रक्त, सुकमायाचं भलं होत असेल तर बाटलीभर घ्या."

एचआयव्ही नाही. कावीळ नाही. इस्पितळातल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, गोळ्या बंद करा.

सरांनाही मीच सांगितलं. पालिकेच्या शेऱ्याखाली मी माझ्या हाताने लिहिलं की हलगर्जी एलिना श्रेष्ठ यांची नव्हती, कुणाची होती ते, आणि सही केली. सर म्हणाले, "नोकरीचं काय होईल ते पालिका ठरवेल, सिस्टर." ठरवू दे.

मंसिर २४

बादल्या निवडायचं काम मी मागून घेतलं. जाड मोजे, चिमटा, एकेक साल उचलून बघते. टोपी घालत नाही. दोनदा हात आपोआप गेला, मागे ओढला.

दिदीचं ओकणं थांबलं. आज लाह्या आणल्या होत्या. दोघी मागच्या पायरीवर बसल्या होत्या आणि एलिना काहीतरी सांगत होती, दिदी हसत होती. मी खाली खताच्या खड्ड्याशी उभी होते. अजूनही आतून काही जळलं. ते जाईल असं मला वाटत नाही.

दिदी माझ्याशी कामापुरतं बोलते. बादली दे, किल्ली घे. बिष्णु म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. मी रोज चहा दोन कप करते, एक पायरीवर ठेवते, आणि थंड झाला की ओतून देते. ती अकरा दिवस थांबली होती. माझा आज पाचवा.